लँडमास्टरची अखंड सीट

जालना, १४ मार्च १९८२, रविवार

लँडमास्टर घेतली त्या वर्षीची, म्हणजे सत्तावन्न सालची, एक दुपार आज सारखी आठवते आहे. आम्ही घनसावंगीला मळ्यावर निघालो होतो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी. आमच्या गाडीची पुढची सीट एकच आहे, अखंड, घरातल्या बाकासारखी. मांडीवर पितळी ताटली घेऊन मी मोसंबी सोलत होते. मळा येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. फक्त मधून मधून डावा तळहात माझ्याकडे उघडायचे, नजर रस्त्यावरच, आणि मी त्यावर एक फोड ठेवायची. तळहात मिटायचा, तोंडाकडे जायचा. एवढंच. तरी त्या दिवशी मी सुखी होते, हे आज लिहून ठेवायला हरकत नाही.

हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला सांगायच्या, जेवताना दोन गोड शब्द बोलावेत. ह्यांच्या घरी आले तर जेवताना फक्त भाकरी मोडल्याचा आवाज. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे घर आणखीच गप्प. मी बोलणं हळूहळू ह्या वहीत नेऊन ठेवलं.

म्हणून गेल्या वर्षापासून जे चाललं आहे त्याचं मला राहून राहून नवल वाटतं. आज मळ्यावर जाताना गाडी फाटकाबाहेर निघाली तशी हे म्हणाले, "बोल, प्रभावती."

"काय बोलू?"

"जे दिसून राह्यलं ते बोल. गप बसू नको."

मग मी बोलत गेले. डावीकडे बाभळीखाली शेळ्या आहेत. समोरून कडब्याची गाडी येते आहे, अर्ध्या रस्त्यावर आहे. पुढे मोरीपाशी डांबर उखडलं आहे. हे मान डोलावत, गाडी सावकाश हाकत. पस्तीस वर्षं ज्याने नावाने हाक मारली नाही, तो माणूस साठीत येऊन नाव घेतो आणि बोल म्हणतो. मी चोपन्न वर्षांची बाई, पण कान गरम झाले.

मोसंबी आजही नेली होती. तळहात उघडला, मी फोड पुढे केली, पण ह्यांनी मूठ अलीकडेच मिटली आणि फोड पायाशी पडली. दोघेही हसलो. वय होत चाललं.

२ एप्रिल

आष्टीचे रखमाजीराव आले होते. परतूर भागातल्या जत्रांमधले शंकरपट कित्येक वर्षं तेच भरवतात. बैलजोड्यांच्या शर्यतीत त्यांचा शब्द शेवटचा. एक मे रोजी जालना जिल्हा होऊन वर्ष पुरं होईल, त्यानिमित्त शहरात मोटारींची शर्यत ठेवायची ठरली आहे. शर्यत भरवायची ठाऊक असलेला दुसरा माणूस जिल्ह्यात नाही, म्हणून उत्सव समितीने हे कामही त्यांच्याच गळ्यात घातलं.

"वहिनी, मोटारीला शिंगं न्हाईत, एवढाच फरक," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "बाकी नियम पटाचेच. पटात जोडी पळती. एक बैल पोचला अन् दुसरा ऱ्हायला तर जोडी बाद. तसंच गाडीत दोघं पाहिजेत. दोघांनी मिळून दोरा तोडायचा."

दोरा म्हणजे शर्यतीच्या शेवटी आडवं बांधलेलं सूत. जुन्या जालन्यातल्या गांधी चमन चौकातून निघायचं, कुंडलिका नदीचा पूल ओलांडायचा आणि नव्या जालन्यात दोरा तोडायचा.

"आमचं नाव लिहा," हे म्हणाले.

रखमाजीरावांची बशी तोंडाशीच राहिली. "कुणाकुणाचं?"

"माझं अन् हिचं."

"भुजंगराव, तुमची गाडी वरातीत शोभती. पटात न्हाई." आणि मग माझ्याकडे बघून, "वहिनी, नवरदेवाला समजावा."

मी समजावलं. ते गेल्यावर बराच वेळ समजावलं. हे खिडकीत बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एकदाच. एवढी एक खेप होऊ दे, मंग गाडी ठेवून देतो कायमची."

मी विचारलं, ठेवून का द्यायची, चांगली चालते आहे. हे उठून गाडी पुसायला गेले. जुना स्वभाव.

९ एप्रिल

रोज सकाळी आठ वाजता आम्ही त्याच रस्त्याने फेरी मारतो. मी बोलते, हे हाकतात. आता मला त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ झाला आहे. पुलाचा कठडा कुठे सुरू होतो, कापडाच्या दुकानांच्या पायऱ्या कुठवर पुढे आल्या आहेत, सगळं. हे मध्येच विचारतात, "कठडा किती लांब आहे?" मी म्हणते, "हातभर." ह्यांचा हात जरासा वळतो.

सगुणाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला आहे, वीस वर्षांपासून. आज पोळ्या लाटताना म्हणाली, "बाईसाब, मालक भिताडाला हात लावून लावून चालून राह्यलेत."

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हटलं.

"गुडघ्याचा माणूस खाली बसताना कण्हतो. भिताड कशाला चाचपंल?"

"तू पोळी बघ. करपली."

करपली नव्हती. तिला उगीच टाकून बोलले. पण ह्या बायकांना प्रत्येक घरात काहीतरी दिसतंच.

२१ एप्रिल

शर्यतीत पाच गाड्या आहेत. दोन अँबॅसॅडर, एक फियाट, आमची लँडमास्टर आणि शिवाजीची जीप. शिवाजी म्हणजे रस्त्याच्या कंत्राटदाराचा मुलगा, पंचविशीचा, गोड हसणारा. कप त्याचाच, असं सगळं गाव धरून चाललं आहे. आज पेट्रोल पंपावर भेटला. त्याचा चुलतभाऊ वसंता त्याची जोडी. तोही होता.

"काकू, गाडीत उशी घ्या," शिवाजी म्हणाला. "काका पोचेपर्यंत तुमची झोप व्हईल."

वसंता म्हणाला, "अन् डबा बी घ्या. संध्याकाळ व्हईल."

हे हसले. हसताना शिवाजीच्या थोडं उजवीकडे बघत होते, जिथे कोणीच नव्हतं. राग लपवायची ही ह्यांची पद्धत असावी.

३० एप्रिल

उद्या. भीती वाटते. लोक हसतील ह्याची नाही, हसू देत. गर्दीची वाटते. आज हे रात्री जेवताना माझ्याशी बोलले, जेवताना. म्हणाले, "उद्या मोठ्यानं बोल. गलका लई राहील."

१ मे, शनिवार

 ओरडून घसा बसला आहे. लिहून काढल्याशिवाय मला हे खरं वाटणार नाही.

आम्ही जिंकलो.

गांधी चमनपाशी पाचही गाड्यांना हळदकुंकू लावलं. रखमाजीरावांच्या माणसांनी आमच्या बॉनेटवर बैलाची झूल घातली. झेंडा पडला आणि चारही गाड्या आमच्या पुढे गेल्या. आमच्यासमोर नुसता धूर. मी डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सुरू केलं. सरळ. सरळ. डावीकडे पायऱ्या, जरा उजवीकडे घ्या. आता सरळ.

पुलापर्यंत आम्ही शेवटचेच होतो. मग जे झालं ते फक्त जालन्यातच होऊ शकतं. पटात जोडी आली की तिच्यावर गुलाल उधळतात. रखमाजीरावांनी त्यासाठी गुलालाच्या पिशव्या वाटल्या होत्या, दोरा तुटल्यावर उधळायला. पण पुलावरच्या लोकांनी जीप येताना पाहिली आणि त्यांना धीर निघाला नाही. दोन्ही कठड्यांवरून मूठमूठ नाही, पिशव्याच रिकाम्या केल्या. क्षणात सगळं गुलाबी. शिवाजीने वाऱ्यासाठी जीपची काच बॉनेटवर आडवी पाडून ठेवली होती, त्यामुळे त्याच्या आणि वसंताच्या डोळ्यांतच गेला. जीप थांबली. मागच्या तिघांच्या काचा माखल्या. फियाटवाल्याने काचेवर पाणी ओतलं, तर नुसता लाल चिखल. सगळे जागच्या जागी उभे.

आमचीही काच पूर्ण माखली. मला वाटलं, आता हे ब्रेक दाबतील. ह्यांनी दाबला नाही. वेग कमीसुद्धा केला नाही. मी डोळ्यांवर हात आडवा धरून ओरडत राहिले. जीप डावीकडे, उजवीकडून चला. कठडा हातभर. सरळ. गाडी माझ्या ओरडण्याबरोबर वळत होती, जसं काही चाक माझ्याच गळ्याला जोडलेलं. पूल संपला तिथे फुगेवाल्याच्या शेजारून पिवळ्या झबल्यातली एक पोर रस्त्यात उतरली. मी "उजवीकडे" म्हणून किंचाळले आणि गाडी उजवीकडे गेली. मागे वळून पाहिलं, पोर तिथेच उभी होती, तोंडात बोट.

दोरा कधी तुटला मला कळलं नाही. लोकांनी गाडी दाबून धरली तेव्हा थांबलो. रखमाजीराव आले, त्यांचा चेहरा मेलेल्या माणसाने उठून बसावं आणि आपण बघावं तसा झाला होता. "भुजंगराव," एवढंच म्हणाले. शिवाजी लाल डोळे चोळत चालत आला आणि ह्यांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, मला काय दिसंना झालं. तुम्ही कसं काय हाकली?"

हे म्हणाले, "नेहमीसारखी."

घरी येऊन मी ह्यांचे केस धुतले, पाणी तीनदा लाल निघालं. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "एवढ्या गुलालात तुम्हाला थांबावंसं वाटलं नाही?"

हे म्हणाले, "गुलाल? पुलावर व्हता का?"

आणि मी हसले. मला वाटलं, विनोद करतात.

४ मे

माणसांची रीघ. चांदीचा कप मधल्या टेबलावर. दोरा तुटून बॉनेटला अडकला होता, तो सगुणाबाईने देवापाशी ठेवला आहे. माझा आवाज पूर्ण गेला आहे. पाटीवर लिहून दाखवते. ह्यांना वाचायला दिलं तर म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा खिशातच होता. सगुणाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

५ मे

आज दुपारी आष्टीला रखमाजीरावांकडे सत्कार होता. सकाळपासून हे टाळत होते. ऊन आहे, पोट बरं नाही. पण तिकडून निरोपावर निरोप आले. शेवटी निघालो. मी शेजारी बसले. गाडी फाटकाबाहेर काढून हे थांबले.

"बोल, प्रभावती."

मी गळ्याला हात लावून दाखवला. ह्यांनी पाहिलं नाही.

"बोल की."

मी तोंड उघडलं, नुसता वारा आला. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडी पुढे सोडली. सावकाश, माणूस चालतो तितकी. भर उन्हात, ऐन रस्त्यात बैल सोडलेली एक गाडी उभी होती. तिचं जू जमिनीला टेकलेलं. मला वाटलं, आता वळतील. आता. मी ह्यांचा दंड धरला. ह्यांनी मला विचारलं, "काय आहे?" आणि लँडमास्टर त्या बैलगाडीवर जाऊन आदळली.

कोणाला लागलं नाही. दिवा फुटला. लोक धावत आले. हे चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते, आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. हलवतच राहिले.

७ मे

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डावा डोळा गेलेला आहे. उजव्यात नळीतून बघावं एवढं उरलं आहे, तेही धूसर. आता जे गेलं ते परत येणार नाही. आत्तापर्यंत घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं ते मला विचारत होते. मला विचारत होते, आणि उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नव्हता.

मोसंबीची फोड. भिंत. पेट्रोल पंपावर शिवाजीच्या शेजारच्या हवेकडे बघून हसणं. सगळं मी ह्याच वहीत माझ्या हाताने लिहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी समजून घेतलं आहे.

पुलावर किती माणसं होती. ते पिवळं झबलं डोळ्यांपुढून हलत नाही.

९ मे

आवाज थोडा परत आला. सगुणाबाईला घेऊन आष्टीला बसने गेले आणि रखमाजीरावांना सगळं सांगितलं. कप त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कप उचलून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "बिलकुल दिसत न्हाई?"

"नाहीच म्हणा."

"पुलावर गर्दी मीच बोलावल्ती. गुलाल बी मीच वाटला." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "वहिनी, एका डोळ्यानं अधू बैल आमच्यात कामाला चालतो. त्याच्या अधू बाजूला आम्ही जाणता बैल जुंपतो, तो वाट दावतो. नांगराला चालतो, गाडीला चालतो. पण पटात न्हाई आणत कुणी."

मी उठले. कप त्यांनी हातात परत दिला. "हे मला समितीत सांगायला जमणार न्हाई. तुम्ही काय करायचं ते करा."

बसमध्ये सगुणाबाई म्हणाली, "मी सांगितल्तं."

"हो. सांगितलं होतंस."

१३ मे

आवाज पूर्ण आला आहे, पण मी ह्यांच्याशी बोललेली नाही. ठरवून नाही. तोंड उघडलं की वाटतं, हे आता माझ्या शब्दाला धरून उठतील, चालतील, आणि मला काहीच कळणार नाही की त्यांना मी हवी होते की वाट. वर्षभर मी एका गोष्टीवर सुखी होते. ती गोष्ट काय होती, तेच आता ठाऊक नाही.

हे घरात अडखळत फिरतात. आज कपाटाला कपाळ लागलं. मी हळद आणून सगुणाबाईकडे दिली.

१५ मे

आज संध्याकाळी हे ओसरीवर निघाले. सगुणाबाईने धुवून पालथी घातलेली बादली पायरीच्या तोंडाशी होती. मी आत तांदूळ निवडत होते.

"पायरी," मी म्हणाले. "आणि बादली. डावीकडून या."

ते थांबले. डावीकडून आले. पायरीवर बसले. मीही ताट घेऊन जाऊन बसले.

"आवाज आला?"

"कधीच आला."

"ठावं हाय. सगुणाबाईशी बोलतीस, कानावर येतं."

 रस्त्यावरून कोणी सायकलवर गेलं. मग त्यांनी विचारलं, "पुलाच्या शेवटाला तू उजवीकडे म्हणून वरडलीस. तवा डावीकडं काय व्हतं?"

"इतके दिवस का विचारलं नाही?"

"हिंमत न्हाई झाली."

"पिवळ्या झबल्यातली पोर. दोन वर्षांची असेल."

ह्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, शाळेतल्या मुलांना बसवतात तसे, आणि तसेच बसून राहिले. मी त्यांना समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

नंतर मी विचारलं, "ड्रायव्हर का नाही ठेवला? पगार देता आला असता."

"गाडी दुसऱ्याच्या हातात देववंना. शर्यतीचं नाव निघालं तवा वाटलं, एकदा लोकांपुढं हाकावी अन् ठेवून द्यावी. आंधळा म्हणून ठेवली, असं नको व्हतं."

"आणि मला बोल म्हणायचात ते रस्त्यासाठीच."

हे लगेच बोलले नाहीत. खोटं असतं तर तयार असतं, असं मला वाटलं. "पहिल्यांदी रस्त्यासाठीच," ते म्हणाले. "मंग मळा आला तरी गाडी बंद करू वाटंना. तू शेळ्या सांगायचीस, बाभळी सांगायचीस, कुणाची सून कोणतं लुगडं नेसली ते बी. रस्त्याला त्याचं काय काम?"

हे खरं आहे का, मला ठरवता येत नाही. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं मी पस्तीस वर्षं मानत आले. डोळ्यांबद्दल त्याला वर्षभर आलं. पण शेळ्यांचं, लुगड्यांचं मी कधीचीच विसरून गेले होते. ते त्यांच्या लक्षात होतं.

त्यांनी तळहात उघडला. माझ्या ताटात मोसंबी नव्हती. मी माझा हात ठेवला.

१६ मे

काल रात्री दोघांनी मिळून ठरवलं ते इथे लिहून ठेवते. अंमल उद्यापासून.

चांदीचा कप शिवाजीला द्यायचा. का दिला, ते मी स्वतः जाऊन त्याला सांगणार आहे, सगळं. त्याने गावात सांगितलं तर सांगू द्यावं.

लँडमास्टर कचरू मिस्त्रीने घेऊन जावी आणि सुटे भाग करून विकावी. चालती गाडी म्हणून कोणालाही द्यायची नाही. भोंगा सगुणाबाईला हवा आहे, शेतातून माणसं जेवायला बोलवायला. तो तिला द्यावा. सत्काराचा फेटा आष्टीहून पाठवला आहे, तोही तिच्या नातवाच्या लग्नासाठी.

तुटलेला दोरा आणि आमच्याकडे उरलेली गुलालाची पिशवी रखमाजीरावांना परत.

पुढची सीट कोणालाही द्यायची नाही. कचरूने ती न कापता काढावी आणि ओसरीवर भिंतीला लावून ठेवावी, तोंड रस्त्याकडे करून. हे उजवीकडे बसतील, मी डावीकडे.

मी आधी गेले, तर सगुणाबाईने संध्याकाळी घटकाभर डावीकडे बसावं आणि रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्याने बोलत जावं, शेळ्यासुद्धा. पितळी ताटली तिने घ्यावी. मोसंबीची फोड तळहातावर नुसती ठेवू नये, जरा दाबून द्यावी.